अंगावरचं दूध: पहिल्या तासापासून दूध तुटेपर्यंत

माझी मोठी लेक झाली ती ऐन मे महिन्यात. यवतमाळ जिल्ह्यातलं आमचं गाव, दुपारी टिनाखाली बसवत नाही असं ऊन. तिसऱ्या रात्री ती सारखी रडायला लागली, तशी शेजारची काकू म्हणाली, "तिले दूधच नाही आलं वं, लेकरू उपाशी हाय." सकाळी घरात बाटली आली आणि गाईचं दूध अर्धं पाणी घालून सुरू झालं. दोन महिन्यांत माझं दूध आटलं आणि लेकीला जुलाब लागून सलाइन लावायची वेळ आली. दूध मला होतं. ते कसं येतं आणि कशानं जातं, हे घरात कुणालाच ठाऊक नव्हतं. धाकट्याच्या वेळी आमच्या आशाताईने माझ्या बाजेवर बसून सगळं शिकवलं आणि तो दोन वर्षांच्या वर अंगावर प्याला. नंतर गावातल्या ज्या ज्या पहिलटकरणींजवळ मी बसले, त्यांना जे सांगितलं तेच इथे लिहिते आहे. तू पहिलटकरीण असशील तर हे सातव्या महिन्यातच वाच आणि घरातल्या मोठ्या बायांनाही वाचून दाखव, कारण बाटली आणायचा निर्णय बहुतेक वेळा बाळंतीण घेतच नाही.

पोटात असताना

अंगणवाडीत नाव नोंदव, म्हणजे तुझा आहार आणि पुढे बाळाचं वजन दोन्हीची सोय होते. पहिलं बाळंतपण असेल तर प्रधानमंत्री मातृवंदना योजनेचे ५,००० रुपये मिळतात, त्याची कागदपत्रं आशाताईकडे वेळेत दे. तपासणीला जाशील तेव्हा नर्सबाईला छाती दाखव. बोंड आत गेलेलं असेल तरी बहुतेक बाया पाजू शकतात, फक्त सुरुवातीला जवळ कुणीतरी शिकवणारं लागतं. बाकी काही चोळायची, ओढायची गरज नाही.

घरात एक गोष्ट मात्र आधीच बोलून ठेव: बाळाला मध, गुळाचं पाणी, गुटी काहीही चाटवायचं नाही. बाळंतपणाच्या गडबडीत हे बोलायला सुचत नाही आणि सांगितलंच तर मोठ्यांचा मान दुखावतो. आमच्याकडे आजेसासऱ्यांची फार इच्छा होती की पहिलं बोट आपलं लागावं. धाकट्याच्या वेळी त्यांनी मधाऐवजी कपाळावर हळदीचं बोट टेकवलं. त्यांचंही मन राहिलं आणि बाळाच्या तोंडात काही गेलं नाही.

पहिला तास आणि चीक

बाळ पुसून झालं की त्याला उघडंच तुझ्या छातीवर पालथं ठेवायला सांग, वरून दोघांवर मिळून एक कापड. अंगाची ऊब मिळते आणि बाळ स्वतःच बोंड हुडकायला लागतं. पहिल्या तासाभरात तोंडाला लावायचंच. सिझर झालं असेल तर भूल उतरेपर्यंत थांबायचं कारण नाही. कुशीवर झोपूनही पाजता येतं, फक्त बाळ धरायला आई किंवा जाऊ जवळ हवी.

पहिले दोन-तीन दिवस येतो तो चीक. घट्ट, पिवळसर, थेंब थेंब. जुन्या बाया तो पिळून टाकून देत, "खराब दूध हाय" म्हणत. बाळाला आजारांशी लढायला लागणारं जे काही आईच्या रक्तात असतं, ते या चिकातून पोहोचतं. आणि तो थेंब थेंब येतो म्हणून घाबरू नकोस. पहिल्या दिवशी बाळाचं पोट एवढंसं असतं की एका वेळी चमचाभर पुरतं. त्याला वाटीभर दूध लागतच नाही, म्हणून तुला ते येतही नाही.

मध तर वर्षभर वर्ज्य. त्यात असलेल्या एका जंतूने तान्ह्या बाळाला लुळं पाडणारा आजार होऊ शकतो.

तोंडात कसं द्यायचं

इथेच सगळ्यात जास्त चुका होतात, म्हणून हे सावकाश सांगते.

आशाताई आली तेव्हा मी वाकून, मान खाली घालून, बोंड बाळाच्या तोंडात कोंबत होते. भेगा पडलेल्या, प्रत्येक वेळी डोळ्यांत पाणी. तिने आधी माझ्या पाठीमागे गोधडीची गुंडाळी ठेवली आणि म्हणाली, "तू नको वाकू, लेकराले वर घे." मग मांडीवर उशी ठेवून बाळाला आडवं घेतलं, त्याचं पोट माझ्या पोटाला टेकलेलं, डोकं आणि पाठ एका रेषेत. बाळाचं तोंड वर आढ्याकडे आणि मान फिरवून पिणं, असं नको. तू स्वतः मान वळवून पाणी पिऊन बघ, म्हणजे कळेल.

पुढचं असं. बाळाचं नाक बोंडासमोर आण. बोंडाने त्याच्या वरच्या ओठाला हलकेच शिव. तो जांभई दिल्यासारखा आ करेल. त्या क्षणाला बाळाला छातीकडे ओढून घे, छाती बाळाकडे नेऊ नकोस. नुसतं बोंड तोंडात गेलं तर दूध येत नाही आणि भेगा मात्र पडतात. बोंडाभोवतीचा काळा भागही तोंडात जायला हवा. नीट लागलं असेल तर हनुवटी छातीत रुतलेली, खालचा ओठ बाहेर उलटलेला आणि काळा भाग वरून थोडा दिसतो, खालून जवळजवळ नाहीच. गाल आत ओढले जात नाहीत. पहिल्यांदा भराभर चोखतं, मग पान्हा फुटला की लय संथ होते आणि घुटक्याचा आवाज येतो. तो आवाज एकदा ओळखू आला की तुझी अर्धी काळजी मिटली.

दुखत असेल तर सोसत बसू नकोस. करंगळी बाळाच्या ओठाच्या कोपऱ्यातून आत सरकव, म्हणजे पकड सुटते, आणि पुन्हा लाव. दहा वेळा करावं लागलं तरी चालेल. भेगांना साबण लावू नकोस. पाजून झाल्यावर दोन थेंब दूध काढून तिथेच लाव आणि हवेवर सुकू दे.

एका बाजूचं पूर्ण पिऊ दे, मगच दुसरी बाजू. सुरुवातीचं दूध पातळ असतं, त्याने तहान भागते, आणि मागाहून येणाऱ्या दुधात स्निग्धांश जास्त असतो. दर दोन मिनिटांनी बाजू बदलली तर बाळ पाण्यानेच पोट भरतं आणि तासाभरात पुन्हा रडतं.

"दूध पुरत नाही" हे कशावरून ठरवायचं

रडण्यावरून ठरवू नकोस. बाळ ओलं झालं, उकडलं, कुशी हवी असली तरी रडतं. दिवेलागणीला तर कितीतरी लेकरं तासभर रडतात. छाती मऊ पडली म्हणजे दूध गेलं, असंही नाही. दीड-दोन महिन्यांनी शरीराला बाळाची गरज कळते आणि छाती सारखी टच्च राहत नाही.

बघायचं ते लंगोट. पाचव्या-सहाव्या दिवसापासून चोवीस तासांत ६ किंवा जास्त वेळा लघवी होत असेल आणि ती पिवळी-गडद नसेल, तर दूध पुरतंय. दुसरं, वजन. पहिल्या काही दिवसांत बाळाचं वजन थोडं उतरतं, दोन आठवड्यांत ते जन्माच्या वजनावर परत यायला हवं. पुढे पाच-सहा महिन्यांत दुप्पट आणि वर्षाला साधारण तिप्पट. अंगणवाडीत महिन्याला वजन कर आणि तक्त्यावरची रेघ स्वतः बघ, ताईला विचारायची लाज धरू नकोस.

दूध तयार होतं ते चोखल्याने. जितकं निघतं तितकं भरतं. बाळाने एक वेळ वरचं दूध घेतलं की ते एक वेळ तुला कमी चोखतं, तुझं तेवढं दूध बनायचं थांबतं, उद्या ते खरंच कमी पडतं, मग दुसरी बाटली. माझ्या लेकीचं हेच झालं. म्हणून दूध कमी वाटलं तर उपाय एकच: जास्त वेळा लाव. दिवस-रात्र मिळून ८ ते १२ वेळा, घड्याळ न बघता. रात्रीचं पाजणं चुकवू नकोस. दूध वाढवणारं संप्रेरक रात्री जास्त बनतं. बाळ झोपाळू असेल आणि तीन तास झाले असतील तर तळव्याला गुदगुल्या करून उठव.

तिसऱ्या-चौथ्या दिवशी छाती दगडासारखी होते, गाठी धरतात, कधी कणकण येते. बाळाला तेव्हा काळा भाग तोंडात धरताच येत नाही. कोमट पाण्यात पिळलेलं फडकं पाच मिनिटं ठेव, बोटांनी थोडं दूध काढून तो भाग मऊ कर आणि मग लाव. पाजल्यावर गार पाण्याचं फडकं. पण एका जागी लाली, चटका आणि ताप आला, तर त्याच बाजूने पाजत राहा आणि दिवसभरात उतार पडला नाही तर प्राथमिक आरोग्य केंद्रात जा. तिथे औषध लागतं. बाया इथे पाजणं बंद करतात आणि मग आत पू होतो.

दवाखान्यात बाळंतपण झालं असेल तर आशाताई ३, ७, १४, २१, २८ आणि ४२व्या दिवशी घरी यायला हवी. तिच्यासमोरच पाजून दाखव. नुसतं "सगळं ठीक आहे" सांगून तिला परत पाठवू नकोस. या घरभेटींची मुळं आपल्याच विदर्भात आहेत: डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने गडचिरोलीच्या ३९ गावांत गावातल्याच बायांना नवजात बाळाची काळजी शिकवली, तान्ह्या बाळांचे मृत्यू कमी झाले आणि १९९९ साली 'लॅन्सेट' या डॉक्टरांच्या नियतकालिकात ते छापून आलं. पुढे देशभर आशाताईंच्या घरभेटी त्याच वाटेने सुरू झाल्या.

आपला उन्हाळा आणि पाणी

अकोला, चंद्रपूर, ब्रह्मपुरीकडे पारा ४५च्या वर जातो. अशा वेळी "लेकराचा घसा सुकन, दोन चमचे पाणी पाज" हे सांगणारं माणूस मायेनेच सांगतं. तरीही सहा महिन्यांच्या आत पाणी द्यायचं नाही. आईच्या दुधात जवळजवळ ८८ टक्के पाणीच असतं. ऊन वाढलं की बाळ जास्त वेळा मागतं, थोडं थोडं पितं. तसं पिऊ दे. वरचं पाणी दिलं तर पोट त्यानेच भरतं, दूध कमी जातं, आणि उन्हाळ्यात विहिरी-टँकरचं पाणी कसं असतं ते आपल्याला माहीत आहे. औषधाचे थेंब आणि डॉक्टरने सांगितलेलं जीवनजल (ओआरएस) एवढंच काय ते अपवाद.

पाणी प्यायचं ते तू. पाजायला बसताना शेजारी तांब्या भरून ठेव.

तुझं खाणं

काही घरांत बाळंतिणीला पाणी कमी देतात, डाळ आणि पालेभाजी बंद करतात, सव्वा महिना नुसता भात-तूप. याने दूध वाढत नाही आणि अंगातलं रक्तही भरत नाही. डिंकाचे, मेथीचे लाडू, अळिवाची खीर, खारीक-खोबरं खुशाल खा, पण त्याबरोबर ज्वारीची भाकर, घट्ट वरण, मेथी-चवळी-शेवग्याची भाजी, जवसाची चटणी, चालत असेल तर अंडं. रोजच्यापेक्षा एक जेवण जास्त. लोहाच्या गोळ्या बाळंतपणानंतर १८० दिवस. त्या आणि चहा एका वेळी नको, चहाने लोह अंगी लागत नाही.

आणि खर्रा सोड. गुडाखू, नस, तपकीर, सगळंच. तंबाखूतलं निकोटिन दुधात उतरतं, बाळ चिडचिडं होतं, झोपत नाही. घरातल्या माणसांनीही बाळाजवळ बिडी ओढायची नाही.

एक गोष्ट खाण्याची नाही, पण इथेच सांगते. बाळंतपणानंतर पहिले काही दिवस उगाच रडू येतं. ते दोन आठवड्यांच्या पुढे चाललं, बाळाजवळ जावंसंच वाटेना, झोप उडाली, तर आशाताईला किंवा डॉक्टरला सांग. "बाळंतिणीनं रडू नये" म्हणून गप्प बसू नकोस.

वावरात जायला लागलीस की

कापूस वेचायला, सोयाबीन सोंगायला किंवा भंडारा-गोंदियाकडे रोवणीला तीन महिन्यांतच जावं लागतं, हे खरं आहे, आणि नुसतं "सहा महिने घरी बस" म्हणणं बाईच्या कामाचं नाही. जमलं तर बाळाला नेऊन धुऱ्यावरच्या निंबाखाली झोळी बांध, जवळ मोठं पोर किंवा म्हातारी बसव आणि दर दोन-अडीच तासांनी पाज. मजुरीचं ठरवतानाच मालकिणीशी हे बोलून घे.

बाळ घरी ठेवावं लागत असेल तर निघण्याआधी पोटभर पाज, परतल्याबरोबर पाज आणि मधल्यासाठी दूध काढून ठेव. हात साबणाने धू. झाकणाची स्टीलची वाटी उकळत्या पाण्यातून काढ. अंगठा वर आणि बोटं खाली, काळ्या भागाच्या कडेला ठेवून आधी छातीकडे मागे दाब, मग एकत्र दाब. बोटं घासायची नाहीत. जागा बदलत बदलत दोन्ही बाजू. पहिल्या दिवशी थेंबच येतील, चार दिवसांत धार लागते. हे दूध हिवाळ्यात, २५ अंशांपर्यंतच्या गारव्यात, ४ तास राहतं. उन्हाळ्यात बाहेर ठेवायचा भरवसा धरू नकोस; शेजारी फ्रिज असेल तर तिथे. ते उकळायचं नाही, वाटी कोमट पाण्यात ठेवून ऊब आणायची आणि वाटी-चमच्याने पाजायचं. बाटलीचं बूच नीट धुतलं जात नाही आणि त्याची सवय लागली की बाळ अंगावर घ्यायला कुरकुर करतं.

फवारणी झालेल्या वावरातून आलीस तर हात, छाती, तोंड धुऊन, लुगडं-पोलकं बदलूनच बाळाला घे. फवारणी तू स्वतः करायची नाही आणि फवारणीचे कपडे धुवायलाही घेऊ नकोस. २०१७ साली आपल्याच यवतमाळ जिल्ह्यात फवारणीतून माणसं दगावली, हे आपण पाहिलं आहे.

सहा महिने: उष्टावण

आपल्या वाडवडिलांनी मामाच्या हातून उष्टावण सहाव्या-सातव्या महिन्यात ठेवलं ते अगदी बरोबर वेळेला आहे. सहा महिन्यांनंतर नुसत्या दुधातून लोह आणि ताकद पुरत नाही. पण उष्टावण झालं आणि पुढे दोन महिने पुन्हा फक्त दूधच, असं बऱ्याच घरांत होतं. त्या दिवसापासून रोज भरवायचं.

सुरुवातीला दोन-तीन चमचे, दिवसातून दोनदा. काय द्यायचं? चुलीवर जे शिजतं तेच, तिखट-मीठ घालण्याआधी बाजूला काढून. घट्ट वरण आणि भात कुस्करून, मूगडाळीची मऊ खिचडी, उकडलेलं रताळं, केळं, अंड्याचा बलक. डाळीचं वरचं पाणी देऊ नकोस, त्यात काही नसतं. चमचा तिरपा केला तर पटकन ओघळू नये, एवढं घट्ट हवं, आणि वर अर्धा चमचा तेल किंवा तूप.

घरचं पीठ असं करते मी: गहू रात्रभर भिजवायचे, फडक्यात बांधून मोड आणायचे, सावलीत वाळवून मंद भाजून दळायचे. मूग भाजून वेगळे दळायचे. दोन वाट्या गहू, एक वाटी मूग. मोडाच्या पिठाची लापशी शिजताना फार चिकट होत नाही, म्हणून बाळ तेवढ्याच घासांत जास्त खातं. आठ-दहा दिवसांचंच दळायचं, पावसाळ्यात पिठाला वास लागतो. अंगणवाडीतून येणारा पाकिटातला आहार सहा महिन्यांपासून तीन वर्षांपर्यंत त्या बाळाच्या नावाचा असतो. तो घरातल्या सगळ्यांत वाटू नकोस.

आठ महिन्यांपर्यंत दिवसातून २-३ वेळा, हळूहळू अर्ध्या वाटीपर्यंत. नऊ महिन्यांनंतर ३-४ वेळा. वर्षाला घरचं सगळं, मऊ करून. बाळाची वाटी वेगळी ठेव, म्हणजे किती खाल्लं ते कळतं. अख्खे शेंगदाणे, फुटाणे पाच वर्षांपर्यंत नको, श्वासनळीत अडकतात. कूट करून दे. चहा-बिस्कीट तर मुळीच नको. त्याने पोट भरतं आणि बाळ खिचडीला तोंड लावत नाही. नऊ महिन्यांना गोवर-रुबेलाच्या लसीबरोबर 'अ' जीवनसत्त्वाचा डोस असतो, तो चुकवू नकोस.

जुलाब लागले तर खाणं आणि दूध दोन्ही चालूच, सोबत जीवनजल आणि १४ दिवस झिंक. तान्हं बाळ चोखेनासं झालं, गार किंवा फार गरम लागलं, छाती आत ओढत भराभर श्वास घेऊ लागलं, तळहात-तळपाय पिवळे झाले किंवा झटका आला, तर घरी काही करत बसू नकोस. १०८ला फोन कर.

दूध तोडताना

दोन वर्षं तरी पाज, त्यापुढे तुझी आणि लेकराची मर्जी. पुन्हा दिवस गेले तरी "गरवारशीचं दूध विष असतं" हे खरं नाही. आधी गर्भपात झालेला नसेल, रक्त जात नसेल आणि तू नीट खात असशील तर पाजायला हरकत नाही. फक्त एक लक्षात ठेव, पाळी आली नाही म्हणजे दिवस जाणार नाहीत हा हिशेब बाळ सहा महिन्यांच्या आतलं असेल आणि फक्त अंगावरच पीत असेल तोवरच चालतो. त्यापुढे आरोग्य केंद्रात साधन विचार.

बोंडाला कडुनिंब, मिरची, काजळ लावून किंवा लेकराला आठ दिवस आजोळी पाठवून दूध तोडायची आपल्याकडे रीत आहे. मला ती पटत नाही. एका रात्रीत त्याचं खाणं आणि कुशी दोन्ही जातं, आणि तुझी छाती ठणकते ते वेगळंच. एक एक वेळ कमी कर. आधी दुपारची, त्या वेळेला पोटभर खायला देऊन. चार-पाच दिवसांनी दुसरी. सकाळची आणि झोपतानाची शेवटी. लेकरू आजारी असताना, ऐन उन्हात किंवा पावसाळ्यात जुलाबाची साथ असताना हे काढू नकोस. आमच्याकडे दिवाळीनंतरची थंडी बरी पडते.

धाकटा पिताना माझ्या पोतीचे काळे मणी बोटात धरायचा. रात्रीचं शेवटचं दूध तोडलं तेव्हा मी पाठ करून झोपले नाही. त्याला वाटीने दूध पाजलं, जवळ घेतलं आणि मणी त्याच्या हातात दिले. तीन रात्री रडला, चौथ्या रात्री मणी धरूनच झोपला.

छाती भरून आली तर आराम पडण्यापुरतंच दूध काढ, पूर्ण रिकामी करू नकोस. कापडाने आवळून बांधायची किंवा दूध आटवायच्या गोळ्या स्वतःहून घ्यायची गरज नाही. गाठ, लाली, ताप आला तर दवाखाना. मला दूध तुटून तीन आठवडे झाले तरी आंघोळीच्या वेळी थेंब यायचे. ते येतात. दाबून बघत बसू नकोस. दाबलं की पुन्हा येतं.